कोपीतली ऊब आणि बंद दाराआडची शेगडी



हिवाळा लागला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत मदतीची तयारी सुरू होते. मशिदीत नमाजनंतर तरुण मुले वर्गणी काढतात, घरातल्या बायका पेटीच्या तळाशी गेलेल्या रजया उन्हात टाकतात, कोणी सदक्याचे पैसे बाजूला काढून ठेवते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ही मदत बहुतेक वेळा उसाच्या फडाकडे जाते. तिथल्या कोप्यांत लेकरे कुडकुडत झोपतात हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत असते.

या मदतीच्या यादीत दोन वस्तू हमखास असतात. एक प्लास्टिकचा कागद किंवा बाजारात मिळणारा तयार तंबू. दुसरी लोखंडी शेगडी. देणाऱ्याचा हिशोब सरळ असतो: तंबूने वारा अडेल, शेगडीने ऊब मिळेल. वेगवेगळ्या वापरल्या तर या दोन्ही वस्तू कामाच्या आहेत. पण रात्री, दार लावून, एकत्र वापरल्या तर त्याच जीवघेण्या ठरतात. या महिन्यात त्याबद्दलच बोलू. तंबू कसा निवडावा, त्यात आग न्यावी की नाही, न्यायचीच झाली तर कशी, आणि आग न नेता रात्र उबदार कशी काढावी, हे आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहू आणि देणाऱ्याच्याही.

तंबूत कोण राहते?

शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे चौफुल्याकडे निघालात की घोड आणि भीमेच्या खोऱ्यातला ऊस दोन्ही बाजूंना लागतो. दिवाळीच्या आगेमागे या पट्ट्यात बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी मार्चपर्यंत फडावर राहायचे. राहायला कोपी. बांबूच्या कमानी, त्यावर चटई किंवा पाचट, वरून प्लास्टिकचा कागद. आत माणूस धड उभा राहू शकत नाही. त्याच कोपीत स्वयंपाक, त्यातच धान्य, त्यातच तीन-चार लेकरे.

फक्त ऊसतोड मजूरच असे राहतात असे नाही. मेंढरे घेऊन फिरणारा धनगराचा वाडा ज्याच्या शेतात बसतो तिथे उघड्यावर किंवा छोट्या पालात रात्र काढतो. वीटभट्टीवरची कुटुंबे आहेत. पाल ठोकून गावोगाव धंदा करणारे आहेत. शिवाय दौंडकडे शेतातल्या गुऱ्हाळांवर रात्रंदिवस काम करणारी माणसे आहेत. या सगळ्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कोणत्याच जमातीच्या यादीत नीट नाव नसलेलेही आहेत.

डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या ओल्या, पाणी दिलेल्या शेतात पहाटेची थंडी गावातल्या थंडीपेक्षा जास्त बोचते. पारा १० अंशांच्या खाली उतरतो, पाचटावर दव पडते, कागदाच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकते. तोडणीला तर पहाटेच जायचे. अशा वेळी आईच्या मनात एकच विचार येतो: चुलीतले निखारे घमेल्यात काढू आणि लेकरांच्या उशाशी ठेवू. इथूनच धोका सुरू होतो.

थंड देशांतल्या तंबूकडून काय घ्यावे

कॅनडा, अलास्का, सायबेरिया अशा भागांत बर्फात शिकारीला जाणारे लोक आठवडा-आठवडा तंबूत राहतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच राहिलेला नाही. पण शून्याखाली कितीतरी अंश गेलेल्या थंडीत ही माणसे कापडी तंबूत कशी जगतात, हे आपल्या कामाचे आहे.

त्यांचा तंबू जाड सुती कॅनव्हासचा असतो. सुती कापड थोडा श्वास घेते, त्यामुळे माणसांच्या श्वासातली वाफ काही प्रमाणात बाहेर जाते. ठिणगी पडली तर कापडाला भोक पडते, पण ते प्लास्टिकसारखे वितळून अंगावर गळत नाही. आत पत्र्याची बंद शेगडी असते. तिला दार असते, हवा कमी-जास्त करायची झडप असते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला धुराडे असते. धुराड्याचा नळ छतातून बाहेर जातो. नळ जिथे कापडातून जातो तिथे न जळणाऱ्या कापडाची किंवा पत्र्याची चौकट शिवलेली असते. म्हणजे आगीची उष्णता आत राहते आणि आगीतून निघणारा वायू बाहेर जातो. एवढे करूनही हवेसाठी झरोके उघडे ठेवायचे, असा तिथला नियम आहे.

काश्मीरमधली बुखारीही याच तत्त्वावर चालते. तिचा नळ घराबाहेर काढलेला असतो. आणि आपल्या गुऱ्हाळाचे चुलाण तरी दुसरे काय आहे? चिपाडाचा जाळ काहिलीखालून वाहतो आणि उंच धुराड्यातून धूर वर निघून जातो. धुराडे तुंबले तर गुळव्या काम थांबवतो. दौंडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फक्त तोच नियम कोपीला लावायचा आहे: जिला धुराडे नाही ती आग झोपायच्या जागेत न्यायची नाही.

बाजारात आणि मोबाइलवरच्या दुकानांत गरम तंबू म्हणून जे काही विकले जाते, त्यातल्या बऱ्याच चित्रांत नायलॉनचा तंबू आणि गॅसचा उघडा हीटर शेजारी-शेजारी ठेवलेले दिसतात. चित्र पाहून ही जोडी घेऊ नका. शेतावर राखणीला झोपणाऱ्या मुलासाठी किंवा सहलीला जाणाऱ्यांसाठीही नको. पातळ नायलॉन आणि पॉलिएस्टर आगीजवळ क्षणात वितळते.

धूर दिसत नाही तेव्हा

बहुतेकांना वाटते की धूर गेला म्हणजे धोका गेला. लाकूड जळून लाल निखारे उरले, डोळे चुरचुरायचे थांबले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. खरी गोष्ट याच्या उलट आहे. निखारा धुमसत असतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू मोठ्या प्रमाणात निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धुराने माणूस खोकतो आणि उठून बाहेर येतो. हा वायू उठवत नाही.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. एकदा तो बसला की प्राणवायूला जागा उरत नाही. आधी डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, हातापायांत ताकद नसल्यासारखे वाटते. जागा माणूस बाहेर पडेल, झोपलेला मात्र झोपेतच बेशुद्ध होतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांना धोका जास्त. फडावर गरोदर बायकाही असतात हे लक्षात घ्या. आईच्या पोटातल्या बाळाचा प्राणवायूही तिच्याच रक्तातून जातो.

कोळसा, लाकूड, गोवऱ्या, रॉकेल, गॅस या सगळ्यांतून हा वायू निघू शकतो. गॅस स्वच्छ जळतो हे खरे, पण बंद जागेतला प्राणवायू कमी होत गेला की गॅसची ज्योतही अर्धवट जळू लागते. गॅसचा आणखी एक धोका आहे. गळती झाली तर स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली, जमिनीलगत साचतो. आणि कोपीत जमिनीलगत लेकरे झोपलेली असतात.

हे फक्त गरिबांच्या कोपीत घडते असे समजू नका. जानेवारी २०२० मध्ये केरळहून नेपाळला गेलेले ८ पर्यटक दामन येथल्या एका हॉटेलात मरण पावले. दोन जोडपी आणि चार मुले. थंडी फार होती, सगळे एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपले होते. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठण भागात भाड्याच्या घरात राहणारे एक जोडपे आणि त्यांची तीन मुले रात्रीतून गुदमरून गेली. हॉटेलला भिंती होत्या, घराला छप्पर होते, जवळ पैसाही होता. बंद जागा आणि आग एकत्र आली एवढेच कारण पुरले. आपल्या नात्यातली जी मुले आखाती देशांत कामाला आहेत, तीही थंडीत वाळवंटात तंबू लावून कोळशाभोवती बसतात. त्यांनाही फोनवर हे सांगा.

मिनाच्या तंबूंनी शिकवलेले

तंबू आणि चूल यांचे नाते आपल्याला आणखी एका ठिकाणाहून माहीत आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी हजच्या दिवसांत मिनामध्ये आग लागली. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगड्या, कापडी तंबूंच्या दाट रांगा आणि जोराचा वारा. सुमारे ७०,००० तंबू जळाले. सरकारी आकड्यानुसार ३४३ हाजी मृत्युमुखी पडले, त्यांत आपल्या उपखंडातले बरेच होते. जखमींची संख्या हजाराच्या वर गेली. अनेक घरांत त्या वर्षीच्या हजची आठवण अजून निघते.

त्यानंतर सौदी सरकारने मिनाचे तंबू बदलले. काचतंतूच्या, सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे कायमचे तंबू उभे केले आणि तंबूत गॅसवर स्वयंपाक करायला बंदी घातली. यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. चांगले कापड आणले म्हणून आग आत ठेवायला मोकळीक दिली नाही. कापडही बदलले आणि चूलही बाहेर काढली.

आपल्या फडावर तसले महागडे कापड येणार नाही. पण चूल बाहेर काढायला पैसे लागत नाहीत.

बाहेर बिबट्या, आत निखारा

इथे कोणी म्हणेल, सांगणे सोपे आहे, पण दार उघडे ठेवून झोपायचे कसे? प्रश्न अगदी बरोबर आहे. शिरूर तालुका जुन्नर, आंबेगाव आणि खेडसह जुन्नर वनविभागात येतो. या भागातला बिबट्या डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो. उसातच पिल्ले होतात, उसातच वाढतात. दौंडच्या भीमाकाठीही तो आहे. तोडणी पुढे सरकते तशी त्याची लपायची जागा कमी होते आणि कोपी नेमकी त्याच फडाच्या कडेला असते. या पट्ट्यात बिबट्याने लहान मुले नेल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे आई कोपीचे तोंड गच्च बांधून घेते. तिचे चुकत नाही.

म्हणूनच तिच्या दोन भीतींचा विचार एकत्र करायला हवा. दार घट्ट लावा, पण मग आत निखारा नको. कोपीच्या माथ्याला, आढ्याखाली, वीतभर झरोका ठेवा आणि समोरच्या बाजूला खाली दुसरा. दोन्हींना तारेची जाळी बांधा. जाळीतून जनावर येत नाही, हवा येते. हा झरोका माणसांच्या श्वासासाठी आहे. झरोका आहे म्हणून शेगडी आत घेतली तर तो पुरत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मुले मध्ये, मोठी माणसे कडेला, अशी झोपायची रीत ठेवा. कडेच्या कापडालगत मूल नको. कोपीबाहेर रात्रभर सौरदिवा लावा. पहाटे शौचाला एकट्या मुलाला पाठवू नका, सोबत माणूस, बॅटरी आणि काठी हवीच. कोप्या विखुरलेल्या न ठेवता जवळजवळ, तोंडे एकमेकांकडे करून बांधल्या तर सोबत राहते. फक्त दोन कोप्यांमध्ये एवढे अंतर सोडा की एकीला आग लागली तर दुसरी वाचावी.

ऊब कुठून येते?

आता मुख्य गोष्ट. आपण आगीला ऊब समजतो. पण रात्रभर माणसाला उबदार ठेवते ते त्याचे स्वतःचे अंग. अंग सतत उष्णता तयार करत असते. ती निसटू दिली नाही की झाले. ती निसटते चार वाटांनी: खालच्या जमिनीतून, अंगावरच्या वाऱ्यातून, ओल्या कपड्यांतून आणि उघड्या डोक्यातून. या चार वाटा बंद करा, शेगडीची गरज उरत नाही.

पहिली वाट जमिनीची. लोक दोन-दोन पांघरुणे वर घेतात आणि खाली एक पातळ चटई टाकतात. थंड, ओल असलेली जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून आधी खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर अर्धा फूट कोरड्या पाचटाचा थर, त्यावर पोते आणि मग गोधडी. पाचटात हवा अडकते आणि अडकलेली हवा थंडी वर येऊ देत नाही. पाचट फडावर फुकट मिळते, दर आठ-दहा दिवसांनी बदलता येते. मात्र पाचट खाली असताना आत आग, विडी, मेणबत्ती, चिमणी काहीही नको. उजेडाला सौरदिवा.

दुसरी वाट वाऱ्याची. कोपीची पाठ वाऱ्याकडे करा आणि तोंड आडोशाला. बुडाशी मातीचा बांध घाला. कोपी उंच आणि ऐसपैस नको, रात्री झोपायची जागा जितकी ठेंगणी तितकी उबदार. कागद एकच असेल तर तो बाहेरून लावा आणि आतून जुन्या साड्यांचा किंवा पोत्यांचा दुसरा पडदा टांगा. दोन्हींत चार बोटे अंतर राहू द्या. त्या अंतरातली हवा थंडी अडवते आणि कागदावर साचलेले दवाचे पाणी पांघरुणावर पडत नाही.

तिसरी वाट ओलेपणाची. दिवसभर घाम आणि पहाटे दव यांनी कपडे ओले होतात. ते अंगावर ठेवून झोपले की कितीही पांघरले तरी हुडहुडी जात नाही. झोपायचा एक कोरडा जोड वेगळा ठेवावा आणि तो कामावर घालू नये. धुराडे नसलेल्या हीटरचा आणखी एक तोटा इथे कळतो. गॅस किंवा रॉकेल जळताना वाफ तयार होते, ती कागदाला लागून पाणी होते आणि पहाटेपर्यंत पांघरुणे दमट होतात.

चौथी वाट डोक्याची आणि पायांची. कानटोपी आणि मोजे ही सर्वांत स्वस्त शेगडी समजा. लहान बाळाला आईच्या अंगाशी ठेवावे, पण त्याचे तोंड पांघरुणाखाली झाकले जाणार नाही हे पाहावे.

पांघरुणाबद्दल थोडे. आपल्यातल्या पिंजारी-नदाफ भावांचे काम आता कमी झाले आहे, पण गावात कोणी धुनकी चालवत असेल तर जुन्या रजया नव्या कापडापेक्षा आधी त्याच्याकडे न्या. वापरून-वापरून कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि रजई जड असूनही थंड लागते. पिंजून घेतलेला तोच कापूस फुलतो, हवा धरतो, पुन्हा उबदार होतो. तुमची रजई गरम झाली आणि एका कारागिराच्या घरी चूलही पेटली. दमट जागेसाठी मात्र लोकरीची घोंगडी चांगली. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते, कापूस देत नाही.

आणि शेवटी गरम पाणी. बाहेरच्या चुलीवर पाणी तापवून रबरी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरा, फडक्यात गुंडाळा आणि झोपण्याआधी पांघरुणात पायांशी ठेवा. बाटली उकळत्या पाण्याची नको आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला ती लागू देऊ नका. पहाटे वुजूसाठी लागणारे पाणी रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवले तर अंधारात चूल पेटवायची घाईही टळते.

चूल कुठे, कशी?

चूल कोपीपासून निदान दहा पावलांवर, वारा कोपीकडून चुलीकडे जाईल अशा बाजूला मांडा. वर पत्र्याचा लहान आडोसा केला तर दवात आणि अवकाळी पावसातही स्वयंपाक होतो. चुलीभोवतीचे पाचट हात-दोन हात झाडून जमीन मोकळी करा. शेजारी पाण्याची एक बादली आणि मातीचे एक घमेले नेहमी भरलेले असू द्या. रात्री जेवण झाले, शेकून झाले की निखाऱ्यांवर पाणी ओता, राख हलवा, पुन्हा ओता. राखेखाली दडलेला निखारा वाऱ्याने पहाटे पेटतो.

शेकायचे असेल तर सगळ्यांनी बाहेर, उघड्यावर शेकावे. अंग गरम करावे, हात-पाय तापवावे आणि मग कोरड्या पांघरुणात शिरावे. गरम अंगाने पांघरुणात शिरलेला माणूस रात्रभर गरम राहतो. गार पडून शिरलेल्याला ऊब यायला मध्यरात्र होते.

एखाद्या ठिकाणी आत शेगडी हवीच असेल, जसे बाळंतीण किंवा आजारी म्हातारे माणूस आहे आणि जागा थोडी मोठी आहे, तर या अटी पाळल्याशिवाय नको. शेगडी बंद पत्र्याची, दाराची. तिला पत्र्याचा नळ, कोपीच्या माथ्यापेक्षा वर गेलेला. नळ कापडातून जातो तिथे सर्व बाजूंनी वीतभर पत्र्याची चौकट. शेगडी विटांवर, कापडापासून तीन फूट लांब, तिच्याभोवती पाचट नाही. दोन्ही झरोके उघडे. कोणीतरी जागे असेल तोवरच जाळ. झोपायच्या आधी विझवून खात्री करायची. कार्बन मोनॉक्साइड ओळखून शिट्टी वाजवणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. परवडत असेल तर लावा, पण यंत्र आहे म्हणून यातली एकही अट सोडू नका. गावातला पत्रे ठोकणारा कारागीर अशी शेगडी बनवू शकतो. तेवढे जमत नसेल तर शेगडी देऊच नका.

घरी राहणाऱ्या वाचक भगिनींसाठीही यात धडा आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, ओवा-शेपाची धुरी देतात. दार लावून, पडदे ओढून हे करू नका. दार उघडे ठेवून थोडा वेळ शेक घ्या आणि लगेच शेगडी अंगणात काढा. तिला आणि बाळाला तिच्यासोबत झोपू देऊ नका. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही याच वायूने जीव घेतो. तो न्हाणीघराबाहेर बसवून घ्या.

कोपीत किंवा खोलीत दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटू लागले, तर तो जेवणाचा दोष किंवा नजर नव्हे. लगेच सगळ्यांना बाहेर काढा, दार उघडा, आग विझवा. कोणी शुद्धीवर नसेल तर १०८ ला फोन करा आणि शेगडी बंद जागेत होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या रुग्णाला सर्वांत आधी प्राणवायू लागतो. कांदा हुंगवण्यात, हातपाय चोळण्यात वेळ घालवू नका.

देताना

आता आपली यादी नव्याने करू. एका कुटुंबाला द्यायचे तर: खाली घालायचा एक जाड कागद, वर घालायची एक ताडपत्री, झरोक्यांसाठी जाळीचे दोन तुकडे, दोन मोठ्या पिंजून घेतलेल्या रजया किंवा घोंगड्या, प्रत्येक मुलाला कानटोपी आणि मोजे, एक सौरदिवा, एक थर्मास आणि गरम पाण्याची एक रबरी पिशवी. निखाऱ्याची शेगडी या यादीत नाही. तंबू घ्यायचाच असेल तर सुती कॅनव्हासचा, वर झरोके असलेला घ्या. पातळ चकचकीत कापडाचा नको.

वस्तू टेकवून फोटो काढून निघू नका. बायकांनी बायकांशी बोलावे, कारण रात्री कोपीत काय जळते हे तिलाच माहीत असते. पाचटाचा थर एका कोपीत स्वतः घालून दाखवावा, झरोका कापून जाळी बांधून द्यावी. मुकादम आणि शेतमालक यांना भेटून चुलींसाठी वेगळा आडोसा मागावा. तो द्यायला त्यांचा फारसा खर्च होत नाही. टोळी जानेवारीत गारठल्यावर जाण्यापेक्षा ती आली त्याच आठवड्यात जाणे बरे, कारण कोपी बांधून झाल्यावर तिची पाठ फिरवता येत नाही.

कोणाला द्यावे, याचा वाद अधूनमधून निघतो. जकातीचे नियम आपल्या इमामसाहेबांना विचारून पाळा. पण नफली सदका देताना थंडीने काकडणाऱ्याचा धर्म विचारायची गरज नाही. वाट्याला आलेला शेजारी तोच आपला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसच्या ग्रंथांत आली आहे की झोपताना घरात आग पेटती ठेवू नये. मदीनेतले एक घर रात्री माणसांसह जळाले, तेव्हा त्यांनी आगीला माणसाची शत्रू म्हटले आणि झोपण्याआधी ती विझवायला सांगितले. कार्बन मोनॉक्साइडचे नाव तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पण विझवून झोपणाऱ्या घरात तो वायू साचणार नाही, एवढे त्या एका सवयीने साधले. ही सवय आपल्या घरात आहे का ते आज रात्री पाहा, आणि या हिवाळ्यात फडावर जाल तेव्हा रजईबरोबर तीही पोहोचवा. अल्लाह सर्व लेकरांना सुखरूप ठेवो, आमीन.